जाधवबाई आणि आळीचं पाणी

जाधवबाई कुणाच्याही घरी गेल्या, की हातात आलेला पाण्याचा पेला आधी खिडकीकडे धरायच्या. मग नाकाजवळ न्यायच्या. मग एवढासा घोट घेऊन तो जिभेवर घोळवत छताकडे बघत बसायच्या. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की बाकी काही विचारायच्या आधी पाणी देतात, आणि पाहुण्याने ते मुकाट्याने प्यावं अशी रीत आहे. बाईंच्या या तपासणीने किती घरच्या बायका दुखावल्या असतील देव जाणे. माझ्या सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं होतं, "ही बाई तुझ्यासंगं शिकवाय हाय का फौजदार हाय?"

सांगली जिल्ह्यात, पलूसपासून फार लांब नसलेल्या एका गावात तेव्हा नवंनवं कॉलेज निघालं होतं. मी इतिहास शिकवायची आणि बाई रसायन. इमारत अर्धी बांधून झालेली, अर्धी पत्र्याची. पत्र्याच्या बाजूला बाईंची प्रयोगशाळा होती आणि उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षाच. बाई मात्र त्या भट्टीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत रमलेल्या असत. ठेंगणी, काटक बाई. केसांचा घट्ट अंबाडा, सुती पातळ, बोटांच्या टोकांना ॲसिडचे पिवळट-तपकिरी डाग. मुलं त्यांना मागून ‘लिटमस’ म्हणत. एकदा कुणी आगाऊ कार्ट्याने तासाच्या आधी फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. बाई आल्या, त्यांनी वाचलं, खाली ‘निळा की तांबडा?’ असं लिहिलं आणि शिकवायला सुरुवात केली. त्यानंतर मुलं त्यांना घाबरायला लागली, आणि जरा जीवही लावायला लागली.

काळजी करणं हा बाईंचा स्वभाव नव्हता, धंदा होता. दुधात काय आहे, रॉकेलात काय आहे, एसटीच्या टपावरून आलेल्या भाजीला कशाचा वास लागलाय, याची चिंता सगळ्या गावाच्या वतीने त्या एकट्या करायच्या. प्रयोगशाळेतली काच तर त्यांना अशी लख्ख लागायची की पेला आहे की नाही याचा हात लावून अंदाज घ्यावा. बाटल्या धुवायचं काम त्या शिपायाला देत नसत. मोरीखाली चिनी मातीच्या बरणीत एक लालसर द्रावण असे, त्याला सगळे ‘क्रोमिक’ म्हणत. त्यात बाटल्या बुडवून, धुऊन, पुन्हा धुऊन त्या ओळीने पालथ्या घालत. "काच चोख असंल तर माणूस खोटं बोलला तरी पाणी बोलत न्हाई," असं त्यांचं एक वाक्य होतं.

बाई पाटणच्या पलीकडच्या डोंगरातल्या. वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकी, स्वच्छ असे. पण काळजी वाढली की माहेरची बोली आपोआप तोंडात यायची. बाई ‘हाय’ आणि ‘न्हाई’ वर आल्या की आम्ही सहकारी एकमेकांकडे बघायचो. काहीतरी बिनसलंय हे कळायचं.

त्यांच्या शंकेखोरपणाची एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. आमच्या प्राचार्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. सांगलीची हळद म्हणजे आमचा अभिमान, तिच्यावर कुणी बोट ठेवेल असं स्वप्नातही येणार नाही. बाईंनी मात्र कपाळाला लावलेल्या हळदीकडे आरशात बघून तोंड वाकडं केलं, कागदाच्या पुडीत चिमूटभर बांधून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर ॲसिडचे थेंब टाकले. भेसळ असती तर बदललेला रंग वरून पाणी घातल्यावरही तसाच राहिला असता. तो राहिला नाही. हळद अस्सल निघाली. आणि ही बया, कुणी विचारलेलं नसताना, संध्याकाळी प्राचार्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला सांगून आली की मी तुमच्या हळदीवर संशय घेतला होता, तो चुकीचा निघाला. प्राचार्यीणबाईंना संशयाचा पत्ताही नव्हता. त्या पुढे वर्षभर बाईंशी बोलल्या नाहीत.

मी बाईंना एकदा म्हटलं, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, मनात एखाद्याला आरोपी केलं तर सोडूनही द्यावं लागतं, आणि ते त्याच्या तोंडावरच.

या सगळ्या भीतीचं मूळ कुठे होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. बाईंचा थोरला भाऊ लष्करात होता. सुटून आल्यावर तो पुण्याकडे एका कारखान्यात लागला. लोखंडावर चकचकीत मुलामा चढवतात तो कारखाना, आणि हा त्या मुलाम्याच्या टाकीवर. सुट्टीला घरी आला की भाचरांना जादू दाखवायचा. एका नाकपुडीतून दोरा घालायचा आणि दुसऱ्या नाकपुडीतून काढायचा. पोरं खिदळायची. बाई तेव्हा कॉलेजात शिकत होत्या, त्याही हसायच्या. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडल्याशिवाय दोरा असा जात नाही, आणि ते भोक टाकीतल्या क्रोमियमच्या वाफेने पडतं, हे त्यांनी पुढे पुस्तकात वाचलं. त्याच पानावर खाली फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. तोवर भाऊ खोकायला लागला होता. "मी त्या दोऱ्याला हसले," एवढंच बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. हा विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा कधी काढला नाही.

आता आमच्या आळीबद्दल सांगायला हवं. गावाला नदीचं पाणी होतं, पण आमच्या आळीला नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात नगरपालिकेने आळीच्या टोकाची जुनी विहीर उपसून तिच्यावर पंप बसवला होता, आणि पुढेही आमचे नळ त्या विहिरीवरच राहिले. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन-तीन वर्षांपूर्वी एक लहान कारखाना निघाला होता. सायकलची हँडलं, मडगार्डं, घंट्या यांना तिथे मुलामा द्यायचे. आळीतली पाच-सात माणसं तिथे कामाला होती. त्यांतला शंकर आमच्या शेजारी भाड्याने राहायचा. दुष्काळात आटपाडीकडून बायकोला घेऊन आला आणि इथेच रमला. मोठा हसरा माणूस. तो अंगणात येऊन बसला की त्याच्या श्वासाबरोबर नाकातून बारीक शीळ वाजायची, आणि आम्ही म्हणायचो, शंकर आला, गाडीनं शिट्टी दिली.

त्या वर्षी उन्हाळ्यात बाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. सासूबाईंनी पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्यात पाणी घेऊन भाजी धुवायला ठेवली होती. बाईंनी तो वाडगा उचलून दारात नेला आणि उन्हात धरला. पाणी किंचित पिवळं होतं. सासूबाई म्हणाल्या, विहीर खोल गेली की असं होतंच, गाळ असतो. बाई म्हणाल्या, "गाळ खाली बसतो आजी. ह्ये बसलेलं न्हाई." ‘न्हाई’ ऐकून मी वाढता वाढता थांबले. त्या जेवल्या नाहीत. पिशवीतून त्यांची ती लख्ख बाटली काढली, नळाखाली भरली आणि तडक कॉलेजात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. परीक्षानळीत आमचं पाणी होतं. त्यात थोडं ॲसिड आणि एका औषधाचे थेंब टाकले, आणि पाणी पिकल्या जांभळासारखं झालं. क्रोमियम असेल तरच हा रंग येतो, बाई म्हणाल्या. घरी माझी दीड वर्षाची मुलगी होती. तिचं दूध, तिची पेज, सगळं त्याच पाण्यातलं. 

बाईंनी तोच तास मोडून नगरपालिका गाठली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि जिल्ह्याला कळवतो म्हणाले. जिल्ह्याला कळवणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. मग बाई आळीत घरोघर फिरल्या. पाणी पिऊ नका, त्यात शिजवू नका. लोकांनी ऐकलं, कारण कॅन्सर हा शब्द तेव्हा नुसता उच्चारला तरी माणसं इकडेतिकडे बघायची. आठवडाभर आळीतल्या बायका घागरी घेऊन बाजारपेठेतल्या नदीच्या नळावर जात होत्या. तिथल्या बायका भांडायच्या, रांगेत ढकलाढकली व्हायची. सासूबाईंचा खांदा धरला. कारखान्याच्या मालकाने एकदोन वेळा येऊन अगदी नम्रपणे विचारलं की बाईंना खात्री आहे ना. बाई म्हणायच्या, आहे.

आणि मग बाजारपेठेतल्या बायका घाबरल्या. आमच्याही पाण्यात असलं काही असलं तर? बाईंनी त्यांची समजूत घालायला म्हणून नदीच्या नळाचं पाणी नेलं. तेही जांभळं झालं. त्यांनी आपल्या घरचं नेलं. ते जांभळं. शेवटी, कशाला कोण जाणे, त्यांनी प्रयोगशाळेतलं वाफ थंड करून मिळवलेलं शुद्ध पाणी, ज्यात काही असणं शक्यच नाही, त्याच बाटलीत भरून ठेवलं. सकाळी तेही जांभळं झालं.

ज्या लाल द्रावणात त्या आपल्या बाटल्या चोख करत, ते क्रोमिक म्हणजे क्रोमियमच. कितीही धुतलं तरी ते काचेला चिकटून राहतं आणि पाण्यात हळूहळू उतरतं. गावातल्या दुसऱ्या कुणी साध्या राखेने घासलेल्या बाटलीत पाणी नेलं असतं तर हे झालं नसतं. बाईंच्या स्वच्छतेनेच घात केला. मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा त्या बाटल्यांच्या ओळीसमोर उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आता मला सांगाय जायाला पायजे."

मी हात जोडून विनवलं. म्हटलं, निदान दोन दिवस थांबा, पुन्हा तपासा, मग काय ते बोला. विहिरीत खरंच काही असेल तर तुम्ही आत्ता बोललात की लोक पुन्हा तुमचं काही ऐकायचे नाहीत. ही भीती माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण रांगेत भांडणाऱ्या बायका त्यांना दिसत होत्या, आणि आपण चुकीच्या आधारावर त्यांना उभं केलंय हे एक दिवसही झाकून ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर आळी जमली. बाईंनी सगळं सरळ सांगितलं. "माझी बाटली खोटी निघाली. तुमचं पाणी चांगलं हाय का वंगाळ, ते मला आज ठाऊक न्हाई. पुन्हा बघीन. तवर जमलं तर पिऊ नका." शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. लोक हसले, काही चिडले, एकाने जाता जाता घागरीवर ताल धरला. त्याच रात्रीपासून आळीतल्या चुली पुन्हा त्या नळाच्या पाण्यावर पेटल्या. मालकाने कॉलेजात बाईंसाठी मुलामा दिलेली एक नवी कोरी सायकलची घंटा पाठवली. बाईंकडे सायकल नव्हती. घंटा त्यांनी टेबलावर ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाजवू दिली.

आमच्या घरात पाण्यावरून रोज वाद. मी मुलीपुरतं नदीचं आणत होते, तर यजमान म्हणत, तुझी ती बाई स्वतःच म्हणाली ना खोटं म्हणून?  मुलीला साधी उलटी झाली तरी मी तिला उचलून डॉक्टरांकडे धावायची.  वर्गात मुलं पाण्याची बाटली उजेडाकडे धरून बाईंची नक्कल करत, ते त्यांनी पाहिलं असणार.

मग एका रविवारी सकाळी त्या पुन्हा पारावर येऊन बसल्या. आज माझी एकही बाटली इथे नाही, म्हणाल्या. फक्त औषध, ॲसिड मिसळलेलं, तेही औषधाच्या दुकानातून आणलेल्या नव्या शिशीत. पेले तुमच्या घरचे आणा, पाणी तुमच्या हाताने भरा.  बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. सगळ्यांत आधी उठल्या त्या माझ्या सासूबाई. मी चकित झाले. त्या मला म्हणाल्या, "शिकल्यालं माणूस चुकलं म्हणून दारात येऊन सांगतंय व्हय कवा? हिनं सांगितलं. काढ त्यो काचंचा पेला." त्या गेल्यावर आणखी चारपाच जणी गेल्या.

पारावर दोन ओळी लागल्या. एका ओळीत नदीच्या नळाचं पाणी, दुसरीत आमच्या विहिरीचं. बाईंनी नदीच्या पेल्यांत औषध टाकलं. पाणी होतं तसं राहिलं. मग आमच्या पेल्यांत टाकलं. पहिल्यासारखा गडद नाही, पण जांभळा रंग आला. एकेका पेल्यात, सगळ्या पेल्यांत. सासूबाईंच्या लग्नातल्या पेल्यातही.

 मग शंकरची बायको तारा पुढे आली. "आवं बाई, आमी ह्येच पितोय की. इतकी वरसं. आता काय हुईल?"

बाई म्हणाल्या, "ठाऊक न्हाई तारा. श्वासातनं गेल्यालं काय करतं ते पुस्तकात हाय. पोटातनं गेल्यालं कुणी नीट बघितल्यालं न्हाई. मला भ्या वाटतंय, म्हणून म्हंते, आता एक घोटबी पिऊ नका." मला त्या क्षणी त्यांचा राग आला. काहीही होणार नाही, एवढं खोटं त्यांनी आम्हा आयांसाठी बोलायला हवं होतं असं वाटलं.

तेवढ्यात शंकर मागून पुढे आला. हसतच होता. पाणी बंद करा, पण कारखान्याचं नाव घेऊ नका, म्हणाला, आमची भाकरी तिथली आहे. तो बाईंच्या अगदी समोर उभा होता. त्याच्या नाकातून ती नेहमीची शीळ वाजली, आणि बाईंच्या हातातली शिशी थांबली. त्यांनी त्याला पारावर बसवलं, उजेडाकडे तोंड करायला सांगितलं आणि त्याच्या नाकात बघितलं. मग त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. बोटांच्या पेरांवर खोल, गोल फोडांचे वण होते.

"शंकर, दोरा जातो काय रं ह्यातनं?"

"जातो की," शंकर खूश होऊन म्हणाला. "तुमाला कसं कळलं?"

बाईंनी शिशीला बूच लावलं. "मी पाणी बघत बसले," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, कुणाकडेच बघून नाही. आळीतल्या लोकांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी पेले गोळा करायला लागले, कारण मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शंकरला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेल्या. नाकाचा पडदा गेलेला, पण छाती अजून स्वच्छ होती. डॉक्टरांनी टाकीचं काम सोडायला सांगितलं. पारावरच्या पेल्यांची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे नगरपालिकेला विहीर बंद करावी लागली आणि पावसाळ्यानंतर आळीला नदीचं पाणी आलं. मालकाने कारखाना दुसरीकडे हलवला. लोक बाईंना धन्यवाद देत आणि मागे शिव्याही, कारण पाच-सात घरांतलं काम गेलं होतं. शंकरने गुऱ्हाळावर काम धरलं. पुढच्या वर्षी बाई साताऱ्याच्या एका कॉलेजात गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साताऱ्यातच. परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेले. माझ्या मुलीची चौकशी झाली, सासूबाईंची झाली. चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, शंकर काय करतो? मी हा प्रश्न टाळता येईल का ते बघत होते. पण त्यांच्याशी खोटं बोलणं कुणालाच जमत नसे. सांगितलं की गुऱ्हाळाचा हंगाम संपला आणि तो रिकामा झाला, मग इचलकरंजीला काम मिळालं. ताराही गेली.

"कसलं काम?"

"मुलाम्याचं," मी म्हटलं. "हात बसलेला आहे म्हणून चांगला पगार देतात म्हणे."

बाईंनी स्टोव्ह बंद केला. चहा अर्धा उकळला होता. त्यांनी पायात चपला घातल्या, छत्री घेतली आणि इचलकरंजीसाठी कोल्हापूरची गाडी कवा सुटती, असं मला विचारलं. मी म्हटलं, आता संध्याकाळ होत आली, उद्या जा, पत्ता तरी नीट काढू. त्या म्हणाल्या, "आजबी त्यो टाकीवर उभा असंल की गं."

मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. बाई पुढच्याच बाकावर बसल्या. मी खिडकीखाली उभी राहून काहीबाही बोलत होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला होता, आणि बाई दर थोड्या वेळाने मान उंच करून बघत होत्या, तो उठला का.